बकुळीच्या पारावरची सोनकी

डोंगरांच्या ओंजळीत एक गाव होतं. नाव त्याचं बकुळवाडी. गाव इतकं लहान, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून ‘शतायुषी हो!’ ऐकू यायचं.

त्या गावाच्या कडेला, गवताने शाकारलेल्या खोपटात सोनकी राहायची. बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता. आईचे डोळे तापात गेले होते. सोनकी गावाच्या शेळ्या राखायची आणि त्याबदली घराघरांतून भाकरी मिळायची. कधी ताजी, बरेचदा शिळी. ताजी आईच्या हातात देऊन शिळी ती आपण खायची आणि म्हणायची, “आई, आज दोन्ही ताज्या आहेत गं!”

एवढं एकच खोटं ती बोलायची. एरवी कुणाच्या वाफ्यात शेळी शिरली की लोक तिलाच विचारायचे, “कुणाची गं?” तिची स्वतःची कबरी शेळी शिरलेली असली, तरी ती मान खाली घालून सांगायची, “आमचीच.”

बकुळवाडीची एक रीत होती. दर वर्षी बकुळ फुलली की गाव आपला पंच निवडायचं. ज्याच्या न्यायावर भरवसा, त्याच्या ओच्यात प्रत्येक घराने बकुळीचं एक फूल टाकायचं. त्या वर्षी मोठी माणसं आपसात इतकी भांडली होती, की एकमेकांना फूल द्यायला कुणी तयार होईना. मग एका म्हातारीने आपलं फूल सोनकीच्या ओच्यात टाकलं. तिचं बघून दुसरीने टाकलं. बघता बघता ठिगळं लावलेल्या त्या परकराचा ओचा इवल्या इवल्या चांदण्यांनी भरून गेला.

सगळे घरी गेले. सोनकी पारावर एकटीच उरली. शेळ्या राखणं वेगळं आणि माणसं राखणं वेगळं. तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात ओच्यातली फुलं हलली. फुलांच्या ढिगाखाली बोटाएवढी एक परी अडकली होती! मोतिया रंगाचा तिचा झगा, जांभळट-सोनेरी पंख, आणि त्यातला एक पंख पार चुरगळलेला. सोनकी रडायचं विसरली. तिने परीला तळहातावर घेतलं आणि पंखावर हळूच, अगदी हळूच फुंकर घातली. घडी उलगडत गेली आणि पंख लखलखला.

“गुणाची गं माझी पोर!” परी म्हणाली. तिने एक चिमुकली कळी सोनकीच्या हातात ठेवली. “ही उमलेल तेव्हा काय हवं ते माग. पण नियम ऐकून ठेव. एकदाच मागायचं. फूल उमललं की ऊन डोक्यावर यायच्या आत मागायचं. आणि मागून झालं, की दुसरं का नाही मागितलं म्हणून हळहळायचं नाही.”

काय मागायचं ते सोनकीने तिथेच ठरवलं. आईचे डोळे. दुसरं काय मागणार ती? रोज सकाळी ती कळीला विचारायची, “उमललीस का गं?” कळी मुकाट असायची.

आणि मग एका सकाळी गाव जागं झालं, ते आरडाओरडीने. गावाचं तळं रिकामं झालं होतं!

त्या तळ्याच्या बांधात पाणी सोडायची मोरी होती. मोरीत एक लाकडी खुंटा घट्ट ठोकलेला असायचा. तो निघाला की तळं वाहून जाणार, म्हणून त्या खुंट्याला कुणी हातसुद्धा लावायचा नाही, हा गावाचा नियम. आज तोच खुंटा हातात धरून, चिखलाने माखलेले भिवानाना मोरीपाशी बसलेले सापडले.

भिवानाना एकटे राहायचे. जन्माचे मुके. बांधावर बसून पाखरांना दाणे घालायचे, एवढाच त्यांचा उद्योग.

गाव पाराभोवती जमलं. सोनकी पंचाच्या दगडावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. तिने कळी धरलेली मूठ उघडली, तर काय! कळी उमलली होती. नाजूक, पांढरीशुभ्र, घमघमणारी. ‘न्याय झाला की धावत घरी जायचं,’ तिने मनाशी म्हटलं, ‘ऊन चढायच्या आत.’

गिरजाकाकू पुढे आली. तळ्याखालची तिची हिरवी बाग आता वाळणार होती. “खुंटा यांच्या हातात सापडला. आणखी काय पाहिजे? तळं फोडील त्याने गाव सोडायचं, ही रीतच आहे आपली.”

“नाना, तुमचं काय म्हणणं?” सोनकीने विचारलं.

नानांनी हात जोडले आणि मान खाली घातली. ना खूण केली, ना कुणाकडे बोट दाखवलं.

“पारावर जो बोलत नाही, त्याला आरोप कबूल!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हीसुद्धा रीतच होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुका माणूस बोलणार कसा, हे एवढ्या शहाण्या गावात एकालाही सुचलं नाही.

सोनकीला सुचलं. तिने मुठीतल्या फुलाकडे पाहिलं. मग गर्दीच्या कडेला काठी टेकून उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. ऊन जवळजवळ डोक्यावर आलं होतं. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय न्याय करायचा नाही, म्हणून तर घराघराने आपल्याला फूल दिलं. तिने फूल ओठांशी नेलं.

“परी गं,” ती पुटपुटली, “नानांना वाचा दे.”

फूल मिटलं. नाना खाकरले. मग फाटक्या, नव्या आवाजात म्हणाले, “पोरी, खुंटा मी काढला नाही. निघालेला मी परत बसवत होतो. पाण्याचा जोर आवरला नाही मला.”

सोनकी दगडावरून पुढे झुकली.

“मग काढला कुणी?”

“मी बघितलं. पण सांगणार नाही. आज वाचा मिळाली, ती काय एखाद्या गरिबाचा घात करायला?”

तेव्हा गर्दीतली काठी ठकठकली. सोनकीची आई चाचपडत पुढे आली. “नाना, ती मीच का हो? काल दिवेलागणीला मी कबरीला आणायला बांधावर गेले. दोरी सुटेना, म्हणून जोरात हिसडा दिला. दोरी सुटली, पण काहीतरी करकरलं होतं खरं.” तिने लेकीच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “शेळी तिथे मीच बांधली होती, पंचबाई. खुंटा कुठला ते आंधळीला काय कळणार? मीच गाव सोडते.”

सोनकीला आत्ता आठवलं. काल पारावर फणसाचं भांडण आलं होतं आणि तिला उशीर झाला होता. घाईघाईत तिनेच कबरीला मोरीच्या खुंट्याला बांधलं होतं! आईला ते माहीत होतं. आई लेकीसाठी खोटं बोलत होती, दोन्ही भाकरी ताज्या असल्यासारखं.

सोनकी दगडावरून खाली उतरली. आरोपी जिथे बसतात तिथे, मातीत जाऊन बसली.

“आई खोटं बोलतेय. शेळी मी बांधली. नियम मला माहीत होता. नानांचा काही दोष नाही, आईचाही नाही. तळं माझ्यामुळे फुटलं.” तिने गावाकडे वर पाहिलं. “आता मी पंच नाही. माझा न्याय तुम्ही करा.”

पंचाचा दगड रिकामा पडला. मग गिरजाकाकू उठली, बकुळीखाली वाकली आणि तिने एक फूल उचलून सोनकीच्या ओच्यात टाकलं.

“बाग माझी वाळणार, म्हणून पहिल्यांदा मीच सांगते,” ती डोळे पुसत म्हणाली. “बांध दुरुस्त कर, हीच तुझी शिक्षा. मातीची पहिली पाटी तू उचल, दुसरी मी उचलते. पण गावकऱ्यांनो, हिला घालवून हा दगड रिकामा ठेवायचा नाही. स्वतःवर न्याय करणारा पंच आपल्याला परत कुठे मिळणार?”

एकामागून एक सगळी घरं आली. भिवानानाही आले. ओचा पुन्हा भरला.

मग सारं गाव बांधावर राबलं. आईसुद्धा लेकीशेजारी बसून चिखल थापत होती. नानांनी खुंटा घट्ट ठोकला, आणि तळ्याच्या कोरड्या तळातून झुळझुळ आवाज आला. चिखलातून पाण्याची एक धार वर उसळली. त्या पाण्यावर बोटाएवढी परी तरंगत होती.

“हळहळलीस का गं?” तिने विचारलं.

“नाही,” सोनकी म्हणाली. “थोडं रडले फक्त.”

परी हसली. “मागण्याला नियम असतात, बाळ. मी आपणहून देते, त्याला नाहीत.” तिने पंख पसरले. जांभळा, मोतिया, सोनेरी उजेड तळंभर पसरला, काठापर्यंत पाणी चढलं, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

आईने चिखलाचे हात धुतले आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मग ती तशीच थबकली. समोर चिखलाने बरबटलेलं एक चिमुकलं तोंड होतं. आईने ते दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ नुसतं पाहत राहिली.

त्या संध्याकाळी खोपटात दोन भाकऱ्या आल्या. सोनकीने ताजी आईपुढे ठेवली आणि सवयीने म्हणाली, “आई, आज दोन्ही ताज्या आहेत गं!”

आईने दोन्ही भाकऱ्यांकडे पाहिलं. मग तिने ताजी भाकरी उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी लेकीच्या हातावर ठेवली.