तरवडाचा शेजार

एकदा एक वृद्ध साधू उजाड माळाच्या कडेला झोपडी बांधून राहत होते. त्यांच्यापाशी एक शिष्य होता, नदीकाठच्या माळ्याच्या घरातला. आईमागे थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलेले. एका वैशाखात ती त्याला भेटायला चालत निघाली आणि भर दुपारी याच माळावर ऊन लागून कोसळली. दैव बलवत्तर म्हणून वाचली. तीन कोसांच्या वाटेवर टेकायला एक झाड नसावे, हे शिष्याच्या फार मनाला लागले. त्याने तिला निरोप धाडला, की तू पडलीस तिथे सावली उभी राहीपर्यंत मी तुला तोंड दाखवणार नाही.

आता माळ्याच्याच मुलाला झाडे लावायला कोण शिकवणार? पावसाळ्यात त्याने कडुलिंबाची रोपे लावली. भोवतालची झुडपे मुळासकट उपटली, आळी केली, जमीन सारवल्या अंगणासारखी लख्ख केली. ‘तण खाई धन’ हे त्याने बापाच्या मांडीवर बसून ऐकलेले. उन्हाळ्यात निम्मी रोपे करपली, निम्मी शेळ्यांनी फस्त केली. दुसऱ्या वर्षी त्याने आणखी कसून सफाई केली. गत तीच झाली.

तिसऱ्या पावसाळ्यात तो रडकुंडीला आला. एकच रोप शिल्लक होते, आणि बहिणीची आठवण त्याला अन्न गोड लागू देत नव्हती. गुरूंनी ते रोप उचलले आणि शिष्याला घेऊन माळाची वाट धरली. बहीण पडली होती तिथे एक जुना तरवड उभा होता; मुळे मुरमात खोल गेलेली, म्हणून तेवढाच शिष्याच्या कुदळीतून वाचलेला. गुरूंनी त्याच्या फांद्या बाजूला सारल्या आणि बरोबर त्याच्या पोटात खड्डा करून रोप लावले.

शिष्याने कपाळाला हात लावला. “महाराज, हा तरवड त्याचं सगळं पाणी पिऊन टाकेल.”

“पिईल की. फुकट कोण कुणाला आसरा देतो? पण जरा याच्या बुडाशी हात घालून बघ.”

पावसाने आठ दिवस उघडीप दिली होती. बाहेरचा मुरूम तव्यासारखा तापला होता. तरवडाखाली मात्र कुजल्या पाल्याची माती गार लागली, ओलसर लागली. शिष्याने हात लवकर बाहेर काढला नाही.

गुरू म्हणाले, “तुझ्या गावी पाणी उदंड, म्हणून तिथं शेजारी वाटेकरी ठरतो. इथं ऊन जाळतं आणि शेळ्या खातात. शेळी तरवडाला तोंड लावत नाही. इथला शेजारी घोटभर पाणी पिईल, पण जीव राखील. तुझी म्हण खोटी नाही, बाबा. ती नदीकाठची आहे, एवढंच.”

रोप जगले. पुढे कडुलिंब तरवडाच्या डोक्यावर गेला आणि त्याच्या सावलीत तरवड खंगू लागला. शिष्याला वाईट वाटले. गुरूंनी समजावले, की आता ऊन झेलणारा कडुलिंब झाला. शेजाराचे पारडे दिवस पालटले की असे फिरतेच.

सातव्या वैशाखात शिष्याने निरोप धाडला. बहीण आली. घामाघूम होऊन कडुलिंबाखाली टेकली, भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि दोघेही पोटभर रडले. मग तिचे लक्ष बुंध्याशी गेले. तिथे काटकुळ्या झुडपाची एकच फांदी हिरवी होती. माळ्याचीच लेक ती! उपटायला वाकली.

शिष्याने तिचा हात धरला. “राहू दे, आक्का. सात वर्षांपूर्वी मीही उपटणारच होतो,” तो म्हणाला आणि तिला सारी हकीकत सांगितली.

बहीण ऐकत राहिली. निघताना तिने तांब्यातले उरलेले पाणी आधी तरवडाच्या बुडाशी ओतले.