आवडाईचं पाखरू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आडबंदराला धक्का नव्हता, दिवा नव्हता, आणि विमान हा शब्द तिथल्या माणसांनी फक्त पोथीत ऐकलेला होता. गावाच्या वर सडा आहे. तो कातळ जिथे संपतो आणि खाली एकदम समुद्र लागतो, तिथे आवडाईचा मांगर होता, कामासाठी बांधलेली कौलारू खोपी. तिचा बाप होड्या बांधायचा, ती शिडं शिवायची. पुढे बाप म्हातारा होऊन गेला, नवरा तरणाताठा समुद्राने नेला, आणि आवडाई त्या मांगरात बापाच्या हत्यारांच्या सोबतीने राहू लागली.

एका श्रावणात बाहेरच्या दातेरी खडकांवर कुठलंसं गलबत फुटलं. माणूस एकही हाती लागला नाही, पण लांबलचक पेट्या पुळणीच्या वाळूला लागल्या. गावाने त्या फोडल्या. आत खायचं काही नव्हतं, नेसायचं काही नव्हतं. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, वाकवलेल्या कांबी, तारांची वेटोळी आणि पांढऱ्या कापडाचे तागे. एका झाकणाला आतून चित्र चिकटवलेलं होतं. दोन जोड पंखांचं मोठं पाखरू, आणि त्याच्या पोटात बसलेला माणूस.

लोक म्हणाले, चुलीला बरं होईल. आवडाई म्हणाली, जोडायला म्हणून कुणी पाठवलंय ते, जाळायला नाही. असं म्हणतात, तिने सगळ्या पेट्या एकटीने डोक्यावरून सड्यावर नेल्या, आणि त्या ओझ्याने कातळावर तिची पावलं उमटली.

मांगराची दारं लावून तिने सगळे तुकडे जमिनीवर मांडले आणि चित्र समोर ठेवून नुसती बघत बसली. होडीच्या बरगड्या तिला ठाऊक होत्या. पण होडीला खालून पाणी उचलतं, याला काय उचलणार? तिने पहिला पंख जोडायला घेतला आणि खाऱ्या पाण्याने फुगलेली पट्टी तिच्या हातात काडकन मोडली. दुसरी तासून बसवली, तीही तडकली. मग ती पट्ट्या सावलीत वाळवू लागली, आणि कड्यावर जाऊन घारी बघू लागली. समुद्रावरचा वारा कड्याला आपटून वर चढायचा, आणि घारी पंख न हलवता त्याच्यावर टेकून राहायच्या. चित्रातल्या पाखराच्या नाकाशी एक यंत्र होतं. त्याची पेटी समुद्राने परत दिलीच नव्हती. पण घारीला कुठे यंत्र असतं, असं ती मनाशी म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

इकडे समुद्र रुसला. भादवा गेला, आश्विन लागला, होड्या रिकाम्या जायच्या नि रिकाम्या यायच्या. गावचे मानकरी, गावकर धर्माजी, देवळात कौल लावून आले आणि थेट सड्यावर गेले. म्हणाले, "आवडे, ते बुडालेल्यांचं सामान आहे. समुद्राचं समुद्राला परत कर."

"तात्या, समुद्रानेच आणून टाकलंय," आवडाई म्हणाली. "परत हवं असेल तर तो येईल की."

त्या दिवसापासून गावाने तिला वाळीत टाकलं. विहिरीवर ती दिसली की बाया घागरी उचलून निघायच्या. तिच्याकडे शिवायला येणारी शिडं बंद झाली. एका दुपारी मांगराच्या कौलांवर दगड पडले. आवडाईने टाका सोडला नाही. पंखावर कापड ताणून ती शिडासारखं दुहेरी शिवत गेली. आत मात्र तिला सारखं वाटायचं, आज येतील, आज जाळतील.

आणि कार्तिकात ते आलेच. आभाळ तांबूस काळं झालं होतं, वारा वाढत होता. धर्माजींच्या हातात पेटती चूड होती आणि मागे सारा गाव. आवडाई दार अडवून उभी राहिली. एवढ्यात कड्याकडून कुणीतरी ओरडलं की होडी खडकावर बसली. सगळे धावले. दातेरी खडकात एक होडी अडकून फुटत होती, आणि तिच्यातली माणसं खडकाला चिकटली होती. त्यांत धर्माजींचा धाकटा मुलगा, येसू होता. खाली लाटा अशा होत्या की दुसरी होडी लोटणं म्हणजे आणखी माणसं देणं. दोर फेकावा तर वारा तो परत तोंडावर आणून टाकी. गाव नुसता बघत राहिला.

आवडाईने मांगराची दोन्ही दारं उघडली. पाखराचा एक पंख अजून पुरता ताणलेला नव्हता, शेपटीच्या तारा नुसत्या अडकवलेल्या होत्या. तिला ते ठाऊक होतं. तरी काथ्याच्या दोरीचं एक टोक तिने पाखराच्या पोटाला बांधलं, बाकी वेटोळं गावाच्या हाती दिलं, कोयता कमरेला खोचला आणि म्हणाली, "तात्या, ती चूड विझवा. पंख धरा."

धर्माजींनी चूड पायाखाली घातली आणि पंख धरला. ज्यांनी दगड मारले होते त्यांनीही धरला. सगळे कड्याकडे पळत सुटले. आत बसता बसता ती एवढंच म्हणाली, "दोर कमी पडू देऊ नका."

कड्यावरून पाखरू दगडासारखं खाली गेलं. बायांनी डोळे मिटले. आणि असं म्हणतात, त्या वेळी कड्याखालून वारा असा उठला की पाखरू तळहातावर घेतल्यासारखं वर आलं आणि खडकांकडे निघालं. मागे दोर सरसरत चालला. बघता बघता वेटोळं संपत आलं. कुणी जाळ्याची दोरी बांधली, ती संपली. विहिरीचे रहाटदोर आले, गुरांची दावी आली. एका ओल्या बाळंतिणीने पाळण्याची दोरी सोडून आणली. शेवटी बायांनी लुगडी फाडून गाठीला गाठ मारली, आणि शेवटची गाठ धर्माजींच्या मुठीत असताना दोर खडकावर आडवा पडला.

येसूने तो धरला. पण पाखराचा सगळा ओढा त्याच दोराला होता. एक झटका बसला असता तर खडकावरची माणसं आणि कड्यावरची माणसं, दोन्ही समुद्रात गेली असती. आवडाईने वळून पाहिलं. माणसांनी दोर खडकाला गुंडाळलेला दिसला, तेव्हा तिने कोयता काढला आणि आपल्या बाजूचा दोर तोडला.

हात बदलत बदलत माणसं एकेक करून कड्याशी आली. एकही गेलं नाही. आणि दोर सुटलेलं पाखरू हलकं होऊन वर चढलं. कुणी म्हणतात, ते लगेच ढगात मोडलं. कुणी म्हणतात, मावळतीच्या रेघेपर्यंत ते पांढरं पांढरं दिसत होतं. येसू म्हातारा होईपर्यंत शपथेवर सांगायचा की दोर तोडल्यावर आवडाई हसत होती. तिचं काही, कापडाची एक चिंधीसुद्धा, पुळणीला लागली नाही.

आता आडबंदराला धक्का आहे, दिवा आहे. पण वादळात होडी बाहेर राहिली की आजही घरटी एक माणूस आपला दोर घेऊन सड्यावर येतो. होडी कुणाची, हे कुणी विचारत नाही. भांडलेली घरंसुद्धा शेजारी बसून गाठी मारतात. एकाने विचारायचं, "पुरेल का?" आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "पुरवू."