हौदातलं बिऱ्हाड

भाद्रपदातलं ऊन होतं. वारा पडला होता. आभाळ आलं आलं म्हणता म्हणता शेजारच्या गावावर निघून गेलं होतं. असल्या दिवशी शहाणा माणूस सावली धरून बसतो. पण ज्याची ही गोष्ट, तो गावाच्या वेशीत उन्हात उभा होता, कारण बायकोनं सांगितलं होतं, "एस्टी येईपर्यंत उभे राहा." शेजारी रिकामा पार होता. पण 'बसा' असं कुणी म्हणालंच नव्हतं.

तर माळावरच्या त्या गावात हा एक भोळा राहत होता. नाव भुजंगा. नाव ठेवणाऱ्यानं फार मोठी आशा धरली होती. चुन्याच्या घाण्यावर बैलामागं गोल फिरायचं, एवढंच त्याचं काम. बैल थांबला की हा थांबायचा. दोघांत हुशार कोण, यावर गावात कधी वाद झाला नाही.

पुढं घाणा बंद पडला. बैलाला लगेच दुसरीकडं काम लागलं. भुजंगाला कोण घेणार?

त्याची बायको सगुणा मात्र खमकी होती. कर्नाटकातून शेंगा खरेदीला येणाऱ्या शिवलिंगप्पा शेठला तिनं गाठलं. शेठ चांगलं मराठी बोलायचा. म्हणाला, "माझ्या तेलगिरणीच्या गोदामाला राखणदार पाहिजे. घट बसायच्या दिवशी बिऱ्हाडासकट हजर व्हा. नाही आलात तर दुसरा धरीन."

सगुणा नवऱ्याला म्हणाली, "अहो, परमुलूख आहे. बिऱ्हाड हलवायच्या आधी गाव बघायला पाहिजे. जा, आधी पाणी कसं आहे ते बघून या."

म्हणून भुजंगा त्या दिवशी एस्टीत बसला. गाव गाठलं. विहिरीत डोकावला. पाणी बघितलं. आल्या पावली परत आला.

"कसं आहे पाणी?"

"ओलं आहे."

सगुणानं हातातलं लाटणं खाली ठेवलं. जवळ ठेवणं बरं नव्हतं.

"आणि राहायला जागा? शेजारपाजार? चोराचिलटाचं भय?"

"ते तू कुठं सांगितलंस?"

"अहो, नुसतं बघून कळतं होय? चार माणसांना विचारावं लागतं!"

"मग आधी सांगायचं नाही का!" म्हणत भुजंगा पुन्हा गेला.

गेला आणि माणसं मोजून धरली. चार. आता त्यांना याची भाषा येईना, याला त्यांची. मग यानं हातवारे केले. ओंजळ तोंडाला लावून विचारलं, "पाणी गोड आहे ना?" ते म्हणाले, "हौदु, हौदु." डोक्यावर हातांचं छप्पर करून विचारलं, "राहायला जागा?" ते म्हणाले, "हौदु." दोघांना शेजारी शेजारी उभं करून विचारलं, "शेजार बरा आहे ना?" "हौदु!" मग दबकत दबकत एकाच्या खिशात हात घालून दाखवला. "चोर? चोर आहेत का?" ते मागं सरकले आणि जोरात म्हणाले, "इल्ला, इल्ला!"

तेवढ्यात पलीकडून एक भांडीवाला ओरडला, "काय पावणं, कुणीकडचं? मी बी तिकडलाच हाय. काय पायजेल ते मला इचारा."

भुजंगानं त्याला हात जोडले. "तुम्हाला नाही विचारता येत. चार झाले."

घरी आला तो खुशीत. शेजारचे केरबा नाना ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. आयुष्यभर गाडी हाकलेला माणूस, जीभ आसुडासारखी.

"काय रे, आणलीस का खबर?"

"आणली की नाना. तिथं सगळं हौदातच असतं. पाणी हौदात. लोक राहतात हौदात. शेजारीसुद्धा हौदात."

"आणि चोर आले म्हणजे?"

"इळा! घरोघरी गवत कापायचे इळे ठेवतात."

सगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, माणसं राहतात का कधी हौदात? त्या म्हशी असतील."

"म्हशी हातवारे करत नाहीत," भुजंगा म्हणाला. ते मात्र खरं होतं.

नाना हसून हसून ठसकले. म्हणाले, "हे बघ भुजंगा, परमुलखात आपली अक्कल चालवू नये. तिथली माणसं सांगतील तसं वागावं. तुला काही जड जायचं नाही."

घट बसायचा दिवस उजाडला. सगुणाला आधी म्हैस बाजारात न्यायची होती. त्याला पाठवलं असतं तर म्हैस परत आली असती आणि तोच विकला गेला असता. म्हणून ती म्हणाली, "तुम्ही पहाटेच्या गाडीनं पुढं व्हा. जागा धरा, मांडामांड करा. मी नानांना घेऊन मागनं येते."

म्हैस विकून दोघं एस्टीत बसले. सगुणाच्या जिवाला चैन नव्हती. तिनं कंडक्टरला विचारलं, "भाऊ, तिकडं हौद फार आहेत का हो? आणि इळे?"

कंडक्टर आधी बघतच राहिला, मग खो खो हसला. "अहो ताई, कानडीत हौदु म्हणजे हो! आणि इल्ला म्हणजे नाही!"

नाना म्हणाले, "पोरी, तो पहाटेच गेलाय."

गावात उतरले तर देवळापुढं ही गर्दी. मधोमध दगडी हौद. त्याचं पाणी सारा गाव प्यायचा. आणि त्यात कमरेएवढ्या पाण्यात भुजंगा. चूल मांडलेली, ती दिसत नव्हती. ट्रंक तळाला गेलेली. अंथरूण तरंगत होतं. काठाला नारळ फोडलेला, हळदकुंकू वाहिलेलं. सारा गाव तोंड फाटेस्तोवर शिव्या देत होता, आणि हा एकेकाच्या हातावर भिजका गूळ ठेवत होता.

"आलीस?" तो ओरडला. "उजवा पाय आधी टाक. शेजार फार चांगला बघ, पहिल्याच दिवशी झाडून सगळे आले! ओल आहे जरा. सुकेल."

शिवलिंगप्पा शेठ गर्दीतून पुढं आला. त्यानं चौघांना सांगून भुजंगाला बाहेर ओढून काढलं आणि सगुणाकडं वळला. "बाई, खरं सांगा. हा माणूस तुमचा?"

सगुणानं नवऱ्याकडं बघितलं. तळाच्या ट्रंकेकडं बघितलं. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "इल्ला."

भुजंगाचा चेहरा खुलला. कमरेला खोचलेला इळा काढून त्यानं तिच्यापुढं धरला. "हा घे. मी विसरीन असं वाटलं ना तुला?"

शेठनं भुजंगाकडं बघितलं, सगुणाकडं बघितलं. मग म्हणाला, "आता कळलं, घर कोण चालवतं ते. बाई, राखणदार मला अजून पाहिजेच आहे. खोली गोदामाच्या अंगालाच आहे. तुम्ही कराल का राखण?"

सगुणानं इळा घेतला, कमरेला खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावून म्हणाली, "हौदु!"

भुजंगा बायकोच्या शब्दाबाहेर कधीच नव्हता. तो मुकाट्यानं वळला, उजवा पाय आधी टाकला आणि पुन्हा पाण्यात जाऊन बसला.

केरबा नाना काठावर टेकले. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं.

"भुजंगा, आता पाण्याची खबर तू देऊ नकोस. आपल्या गावाला मीच सांगतो कसं आहे ते. ओलं आहे, आणि तळाशी धोंडा आहे."