दिवाणजींची पट्टी

सावरगड संस्थानात दर उन्हाळ्यात रस्सीखेच व्हायची. हरलेल्या बाजूला म्होरक्यासकट तलावातला गाळ उपसावा लागे. एका बाजूचे म्होरके दिवाण त्र्यंबकपंत. माणसं वाटायचं कामही त्यांचंच. डोळ्यांवर पट्टी बांधून ते रांगेतून फिरत. ज्याच्या खांद्यावर हात पडेल तो त्यांचा, उरलेले समोरचे. तरी दरवर्षी धट्टीकट्टी माणसंच त्यांच्या हाताला कशी लागतात, याचं महाराजांनाही नवल वाटे.

यंदा येसू कोळणीचा दमेकरी नवरा समोरच्या बाजूला उरला. येसू पुढे आली.

"महाराज, ही वाटणी बरोबरीची वाटत नाही."

डोळ्यांवरची पट्टी न सोडताच दिवाणजी हसले. "बाई, हा दैवाचा कौल. मला दोन्ही बाजू सारख्याच."

"सारख्याच ना? मग महाराज, दिवाणजींना आमच्या बाजूचं म्होरकेपण द्या. त्यांचं काय बिघडतंय?"

महाराजांना गंमत वाटली. त्यांनी होकार दिला.

दिवाणजी गडबडले. "तिकडे कसा जाऊ, महाराज? तिकडे तर एकजण काठी टेकून उभा आहे."

येसूने हळूच विचारलं, "पट्टी अजून डोळ्यांवरच आहे, दिवाणजी. काठी दिसली कशी?"

महाराजांनी पट्टी सोडवून घेतली, आपल्या डोळ्यांवर धरली आणि तशीच दिवाणजींकडे मान वळवली.

"खरंच की, त्र्यंबकपंत. गाळ उपसताना तुम्ही अगदी स्वच्छ दिसताय."