हद्दीपलीकडचा कायदा

“त्यांच्या देशाचा कायदा मला कसा लागू होईल, बुवा?”

मठाच्या पडवीत बसता बसताच सुहृद तेंडोलकरनं विचारलं. घाटाखाली त्याचं आयुर्वेदिक उपचार केंद्र होतं, आणि ते चांगलं चाललं होतं.

हंसगिरी बुवा सुपात फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते.

“कोणाच्या देशाचा?”

“एल्साच्या. युरोपातली बाई आहे. झोप येत नाही म्हणून आमच्याकडे येऊन राहिली होती. बरी होऊन गेली. जाण्याआधी कॅमेऱ्यासमोर बसून मन मोकळं करून बोलली. तो व्हिडिओ आम्ही केंद्राच्या वेबसाइटवर ठेवला. आता म्हणते, काढून टाका. त्यांच्याकडे तसा कायदा आहे. माणसानं सांगितलं की त्याची माहिती पुसावी लागते.”

“मग?”

“माझं केंद्र एकच, आणि ते इथे. तिकडे माझी शाखा नाही, जाहिरात नाही. वेबसाइटसुद्धा मराठीत. ती आपल्या पायांनी आली. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तिकडच्या लोकांना तुम्ही बोलावत असता तर विचार करावा लागला असता. तसं नाही, तर तो कायदा तुमच्यापर्यंत पोचत नाही.”

“वकील शहाणा दिसतो.”

सुहृदला बरं वाटलं. तो जरा ऐसपैस बसला.

“मग माझ्याकडे कशाला आलास?” बुवांनी विचारलं.

सुहृदनं पाय पुन्हा जवळ ओढून घेतले.

“ती बोलली काय होती?”

“तिची मुलगी तळ्यात बुडाली. ही काठावर उभी होती. भीतीनं पाय हललेच नाहीत... हे तिनं नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.”

“आणि तुझ्या वेबसाइटवर आहे.”

“तिनंच सांगितलं ना, बुवा. ठेवू का म्हणून विचारलं, तर ठेवा म्हणाली. तो व्हिडिओ बघून कुठून कुठून माणसं येतात. त्यांना झोप लागते. हे चांगलं काम नाही का?”

“तिला लागते?”

...

“तिच्या नणंदेनं तो कुठेतरी बघितला,” सुहृद हळू आवाजात म्हणाला. “नवऱ्यानं बघायच्या आत काढा, म्हणते. पुन्हा रात्ररात्र जागी असते, म्हणे.”

बुवांनी सूप बाजूला सारलं. हात धोतराला पुसले.

“बरं झालं आलास. मीही मोकळा झालो.”

“कशातून?”

अंगणात गावातली चार माणसं मांडवाला झावळ्या बांधत होती. बुवांनी त्यांना हाक मारली.

“अरे, या जरा इकडे. या सुहृदची एक गोष्ट सांगतो.”

माणसं हातातलं काम टाकून पडवीशी आली. त्यांतला एकजण सुहृदकडे बघून ओळखीचं हसला.

“हा एकदा भर दुपारी माझ्याकडे आला होता,” बुवा सांगू लागले. “दार लावून घेतलं. खूप रडला. मग यानं मला जे सांगितलं...”

सुहृदनं बुवांचा हात धरला.

“बुवा... नको.”

“का रे?”

“ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

“मला सांगितलंस, पण कुठे? पेडण्याला. तेव्हा मी तिथे राहत होतो. ते नदीपलीकडे, गोव्यात. हे राज्य वेगळं.”

बुवांच्या हातावरची सुहृदची पकड सैल झाली नाही.

माणसं वाट बघत उभी होती...

“जा, मांडवाचं बघा,” बुवा त्यांना म्हणाले. “ऊन वाढायच्या आत उरका.”

माणसं गेली. सुहृद उठून अंगणाच्या टोकाला गेला आणि त्यानं केंद्रात फोन लावला.

“रसिका, एल्साबाईंचा व्हिडिओ काढून टाक. वेबसाइटवरून, कॉम्प्युटरवरून, सगळीकडून... नाही, वकिलांना विचारायची गरज नाही. आत्ता काढ. त्यांना मी स्वतः कळवतो.”

तो परत येऊन बसला. बुवा पुन्हा आठळ्या सोलायला लागले होते. त्यानंही सुपातली एक उचलली, पण ती नुसतीच बोटांत फिरवत राहिला.

“काढला,” तो म्हणाला. “पण तो कायदा मला लागू नव्हता, बुवा. एवढं तरी खरं ना?”

“खरं.”

...

“एक विचारू?”

“विचार.”

“मी हात धरला नसता... तर तुम्ही खरंच सांगितलं असतंत?”

बुवांनी मान वर केली. त्याच्याकडे शांतपणे बघितलं.

“काय सांगितलं असतं?”