मिरीकर टेकडीवर का जायचे

"पण शेवटच्या भेटीत सर काय म्हणाले?" सुहृदने पुन्हा विचारलं.

दर्ग्याचे म्हातारे फकीर हसनबाबा जपाची तसबी ओढत राहिले. पिराच्या टेकडीवर वारा सुटला होता. खाली नदी आटून नुसती वाळू उरली होती.

अच्युत मिरीकर नुकतेच गेले होते. त्यांच्या विज्ञानकथा घरोघरी वाचल्या जात. रविवारच्या सदरातून त्यांनी कितीतरी लोकांची संगणकाची भीती घालवली होती. सुहृद त्यांचा लाडका शिष्य. ते सदर आता तोच लिहिणार होता, आणि संध्याकाळच्या शोकसभेत बोलायचंही त्यालाच होतं.

"सर दर गुरुवारी इथे यायचे. एवढा विद्वान माणूस... तुम्हाला विचारायचे तरी काय?"

"विचारायचा नाही काही. संगणक म्हणजे काय, ते मला सांगायचा."

"तुम्हाला?" सुहृदला हसू आलं. "मग, कळलं?"

"नाही."

"आणि पुढच्या गुरुवारी?"

"पुन्हा पहिल्यापासून. कधी मुंग्यांची रांग दाखवायचा, कधी माझ्या तसबीचे मणी सरकवायचा... दुखण्याने आवाज गेला, तरी कंटाळला नाही, सांगत होता. कानाशी लागून."

सुहृदने मनाशी हिशेब केला.

"तेवढ्या वेळात सरांची आणखी दोन पुस्तकं झाली असती," तो म्हणाला.

"झाली असती." बाबांनी सरकून चटईवर जागा केली. "बस. तू सांग. संगणक म्हणजे काय?"

सुहृदने सांगितलं. नेटकं, सफाईदार, छापायला द्यावं असं.

"नाही कळलं, बेटा."

त्याने सोपं करून सांगितलं.

बाबा त्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होते. कानात प्राण आणून.

"अजून नाही कळलं..."

सुहृदने घड्याळात पाहिलं. सभेला उशीर होत होता.

"राहू द्या, बाबा. तुम्हाला नाही कळायचं ते."

...

बाबा नदीकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे गदगदू लागले. मिरीकरांना पोचवायला सगळं गाव रडत गेलं होतं. एकट्या बाबांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गावात त्याची चर्चाही झाली होती.

सुहृद घाबरून उठला. "बाबा! माझं काही चुकलं का?"

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. दाढी भिजली होती.

"अच्युत गेला, असं सगळे सांगत होते," ते म्हणाले. "मला आत्ता कळलं."