केरोबाची घागर

फार फार वर्षांपूर्वी, तळी जेव्हा माणसांची नावं लक्षात ठेवत असत, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच, कारण घाई त्यांनाच असते.

एका डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. सकाळी त्यावर धुकं उतरायचं आणि दुपारपर्यंत हलायचं नाही. ढग त्यात निवांत पडून राहायचे. काठाला एक गाव होतं, आणि काठापासून टेकाडावरच्या जुन्या उंबरापर्यंत एकवीस दगडी पायऱ्या होत्या. एका वेळी एकच माणूस चढेल, इतक्या अरुंद.

त्या गावाचा एक रिवाज होता. चैत्रातल्या पहिल्या सोमवारी प्रत्येक जाणत्या माणसाने आपली घागर तळ्यात भरायची, पायऱ्या चढायच्या, उंबराच्या मुळाशी पाणी ओतायचं आणि वर्षाची आपली इच्छा मोठ्याने सांगायची. जमेल ती इच्छा गाव पुरी करी. आणि ज्याने आपलं पाणी आपण ओतलं, तो आपल्या घराचा धनी. ‘ज्याची घागर, त्याचं दार,’ असं तिथे म्हणत.

या गावात केरोबा नावाचा माणूस आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होता. लोक त्याला अजून पोर म्हणत, पण त्याच्या कानाशी केस पिकले होते. शब्द त्याच्याकडे उशिरा येत, काही येतच नसत. एखादी गोष्ट कळायला त्याला वेळ लागे, आणि एकदा कळली की तो ती विसरत नसे. रोज संध्याकाळी तो घराच्या उंबऱ्यावर बसून तळ्याकडे बघे. तळ्यातला उजेड विझला की मगच आत जाई.

दर चैत्रात आई त्याच्या घागरीला हात लावायची आणि त्याच्या वतीने बोलायची. गाव मान हलवायचं. मग एका हिवाळ्यात आई गेली.

तेराव्याला त्याचा पुतण्या डोंगरापलीकडून आला. काकाला आपल्याकडे नेतो म्हणाला, गोठ्याशेजारी एक खोली आहे म्हणाला, आणि हे घर मग आपण सांभाळू म्हणाला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या गावात तळं नव्हतं, आणि काकाला रोज तळं लागतं हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

गावातले सगळ्यांत वडील होते थोरले आबा. त्यांनी निवाडा दिला. येत्या चैत्रात केरोबाने आपली घागर आपण वर न्यावी आणि आपली इच्छा आपण सांगावी. कोणाचा हात लागता कामा नये. जमलं तर घर त्याचं, नाही जमलं तर त्याने पुतण्याबरोबर जावं. आणि तोवर गावाने त्याला एक सोबत द्यावी.

सोबतीला गावाने सगुणेला निवडलं, कारण तिच्यासारखी चपळ बाई पंचक्रोशीत नव्हती. भात शिजेपर्यंत ती तीन घरांची कामं उरकायची, आणि चौथ्या घरी जाऊन त्यांचं काय चुकतं तेही सांगून यायची. ती मनाने चांगली होती. केरोबाचं घर राहावं असं तिला अगदी पोटातून वाटत होतं.

म्हणून ती कामाला लागली. केरोबाने आतून लावलेली कडी काढायला त्याला वेळ लागे, म्हणून ती फटीतून काटकी घालून बाहेरूनच कडी उडवायची. तो सदऱ्याचा एक बंद बांधेपर्यंत ती उरलेले चार बांधून टाकायची. कोणी त्याला काही विचारलं की उत्तर तिच्या ओठांवर तयार असायचं. मग त्याला घेऊन ती पायऱ्यांशी जायची आणि मागून म्हणायची, ‘चल, चल, चल.’

केरोबा चढायचा, आणि रोज चौथ्या पायरीवर घागर कलंडायची. सगुणा ती झडप घालून धरायची. असं महिनाभर चाललं. जितकी ती धावली, तितका केरोबा जड होत गेला. एके सकाळी तो पायऱ्यांखाली बसला, आणि काही केल्या उठेना.

आता चैत्राला पंधराच दिवस उरले होते. सगुणा धुक्यात तळ्याच्या काठी गेली आणि तिथे, कोणी बघत नाही असं समजून, ढसाढसा रडली.

बघत होता एक बगळा. तो गुडघाभर पाण्यात एका पायावर उभा होता. कधीपासून, ते त्यालाही ठाऊक नसावं.

सगुणेला त्याचा रागच आला. इकडे माणसाचं घर चाललं आहे आणि हा नुसता उभा, असं ती त्याला बोलली. त्या काळी पक्षी उत्तर देत, म्हणून बगळ्यानेही दिलं.

“बाई, मी पाय हलवला की पानी गढूळ होतं. गढूळ पान्यात काय बी दिसत न्हाई. म्हनून मी थांबतो, मग तळ दिसतो.” जरा वेळाने तो पुन्हा म्हणाला, “तुला त्या मानसाचा तळ कधी दिसलाय का?”

सगुणा वाकून पाण्यात बघू लागली, आणि तळ दिसेपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती केरोबाशेजारी जाऊन बसली आणि काहीच करेना. तिच्या हातांना नुसतं बसणं ठाऊक नव्हतं, ते पदराशीच चाळा करत राहिले. धुकं आलं, दाट झालं, विरळ झालं. कितीतरी वेळाने केरोबा आपणहून उठला. त्याने घागर भरली. पहिल्या पायरीपाशी त्याने अंगठ्याने पायरी तीनदा चाचपली, मग चढला. घागर खाली ठेवली. वळून तळ्याकडे बघितलं. काहीतरी पुटपुटला आणि मग दुसऱ्या पायरीला अंगठा लावला.

चौथ्या पायरीचा दगड सुटा होता. एका बाजूला दाबला की तो डुगडुगे. केरोबा त्याच्यापाशी अंमळ जास्त थांबला, दगड स्थिर होऊ दिला, आणि पुढे गेला. घागरीतला एकही थेंब सांडला नाही.

सगुणा खालीच उभी राहिली. महिनाभर ती त्याला नेमकं त्या दगडावर ढकलत होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. हा माणूस चढत होता, त्याची अशी एक चाल होती, आणि तिने ती कधी बघितलीच नव्हती.

मग चैत्रातला तो सोमवार आला. गाव घागरी घेऊन जमलं. सगुणेने घरोघर हात जोडून केरोबाला पहिला मान मिळवून दिला होता. पायऱ्या अरुंद, त्यामुळे सगळं गाव त्याच्या मागे. सगुणा त्याच्या एक पायरी खाली होती, आणि पुतण्या वर उंबराशी, थोरल्या आबांजवळ उभा राहून तिच्या हातांवर डोळा ठेवून होता.

केरोबा चढला, घागर ठेवली, वळून बघितलं. त्याने वळून बघितलं की मागच्यांनाही वळून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रथम लोक कुरकुरले. पाचव्या पायरीनंतर कुरकुर थांबली. आठव्या पायरीला लोक आपल्या घागरी टेकवून दगडांवरच बसले. धुक्यातून ऊन तळ्यात उतरत होतं. जन्म त्या काठावर काढलेली माणसं ते असं निवांत पहिल्यांदाच बघत होती.

एकोणिसाव्या पायरीवर मुंग्यांची रांग आडवी चालली होती. केरोबा तिथे थांबला. रांग काही संपेना. मुंग्यांवर घागर टेकवता येईना; धरून धरून त्याचे हात भरून आले, घागर कलली आणि पाणी भळभळा वाहू लागलं.

सगुणेचा हात पुढे गेला. पुतण्याने मान उंचावली. घागरीपासून बोटभर अंतरावर तो हात थांबला. सगुणेने तो मागे घेतला, दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, तेव्हा मुंग्या निघून गेल्या होत्या आणि केरोबा उंबराशी पोचला होता. अर्धी घागर उरली होती. ती त्याने मुळाशी ओतली.

पुतण्या म्हणाला, घागर तर अर्धीच आहे.

थोरले आबा म्हणाले, “किती आनलं, हे झाड इचारत न्हाई. कुनी आनलं, ते इचारतं.”

आता इच्छा सांगायची होती. केरोबा रिकामी घागर टेकवून तळ्याकडे बघत राहिला. सवयीने सगळ्यांच्या नजरा सगुणेकडे वळल्या, आणि आबांनीही तिलाच विचारलं की त्याला काय हवं आहे. उत्तर तिच्या ओठांवर होतं. घर म्हटलं की झालं असतं.

“मला ठावं न्हाई, आबा,” ती म्हणाली. “त्यालाच इचारा. आनि जरा थांबा.”

गाव थांबलं. उंबराचं एक पिकलं फळ टपकन पडलं. आणखी एक पडलं. मग केरोबाने ओठ हलवले.

“माजं दार,” तो म्हणाला. बऱ्याच वेळाने तो सगुणेकडे वळला. “कडी मी काढनार. अक्का, तू भाईर थांब. मी काढतो.”

सगुणेच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या फटीतली काटकी तिच्या कमरेला अजून खोचलेली होती. तिने ती काढली, दोन तुकडे केले आणि उंबराच्या मुळाशी ठेवले. पुतण्या पुढे आला. त्याने काकाच्या पायांना हात लावला, आणि पुढच्या चैत्रात आपली घागर घेऊन येऊ का, असं त्यालाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा केरोबाच्या दाराशी गेली. तिने दार वाजवलं आणि ती बाहेर थांबली. आत पावलं उठली, थांबली, पुन्हा निघाली. एवढ्या वेळात तिची दोन घरांची कामं झाली असती. ती तळ्याकडे बघत राहिली. बगळा आपल्या जागी होता.

मग कडी निघाली आणि दार उघडलं.

“ये,” केरोबा म्हणाला.

सगुणा गावातल्या प्रत्येक घरात आजवर धावतच शिरली होती. कोणी आपल्यासाठी आतून उठून आलं आहे आणि दार उघडून आपल्याला ये म्हणतं आहे, हे तिच्या वाट्याला आजच आलं. ती उंबऱ्यावर क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग हळू पावलांनी आत गेली.

त्या गावाने पुढे चौथ्या पायरीचा दगड नीट बसवला. आणि चैत्रातल्या त्या सोमवारी सगळ्यांत पुढे केरोबा, ही रीतच पडली.

तात्पर्य: हात देता येणं चांगलंच, पण आपला हात कुठे आवरायचा हे ज्याला कळलं, त्यालाच सोबत करणं कळलं.